घायपाताची निगा

कंपनीच्या मुख्य कचेरीसमोर जो उतार होता, त्यावर घायपाताची चोवीस झाडं होती आणि त्यांची निगा राखायला एक माळी होता. ज्यांनी हे झाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: याला खोड नाही, फांदी नाही. जाड, निळसर, हातभर लांब पानांचा एक झुबका थेट जमिनीतून वर आलेला असतो. पानाच्या कडेला करवतीचे दात आणि टोकाला दाभणाएवढा काटा. पाणी पानातच साठवून ठेवतं आणि महिनोन्‌महिने त्यावर भागवतं. खत नको, सावली नको, कुणी प्रेमानं जवळ घ्यावं अशी तर मुळीच अपेक्षा नाही. अशा झाडाला माळी ठेवणं म्हणजे दगडाला दाई ठेवणं, असं कचेरीतले लोक म्हणत. हे लोक स्वतः दिवसभर एकमेकांना पत्रं पाठवून, ती मिळाली का हे फोनवर विचारत असत, ही गोष्ट वेगळी.

माळीबुवांना विचाराल तर त्यांचं काम साऱ्या इमारतीत अवघड होतं. झाडांना काही करायचं नाही हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे दुसऱ्याला काही करू द्यायचं नाही. जगात कनवाळू माणसांचा सुळसुळाट फार. कुणी बाटलीत उरलेलं पाणी झाडाच्या गाभ्यात ओततं, कुणी थंड झालेला चहा. सतरा वर्षांपूर्वी माळीबुवांनी इथे तीस झाडं लावली होती, चोवीस नव्हे. फाटकाजवळच्या सहा झाडांची तेव्हाच्या पहारेकऱ्याला दया आली आणि तो रोज त्यांना बादलीभर पाणी घालू लागला. माळीबुवा आठ दिवस रजेवर गेले होते, तेवढ्यात ही माया दोन महिने पुरेल इतकी जमिनीत मुरली. पानं बुडाशी पिवळी पडली, मग मऊ झाली, आणि एक दिवस हात लावताच अख्खा झुबका मुळापासून सुटून हातात आला. सडक्या वासानं फाटकातून येणारी माणसं नाक दाबत होती. माळीबुवा त्या दिवशी जेवले नाहीत.

बाकी कामं म्हणाल तर वर्षातून दोन-तीनदा. खालची वाळलेली पानं सुरीनं काढायची, तीही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, कारण याचा चीक अंगाला लागला की आठवडाभर खाज सुटते. पायवाटेकडच्या पानांची टोकं छाटायची, कुणाच्या पोटरीत काटा जाऊ नये म्हणून. बुडाशी आलेली पिल्लं वेगळी करायची. गाभ्यात भुंगा शिरला नाही ना हे बघायचं. उरलेले दिवस स्टुलावर बसून पहारा. कचेरीचे जुने साहेब हे जाणून होते. वर्षाअखेरीला ते खिडकीतून डोकावून विचारत, "जिवंत आहेत ना?" माळीबुवा म्हणत, "आहेत." "झालं तर मग," म्हणून साहेब खिडकी लावून घेत. वार्षिक तपासणी संपली.

जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या हे आधीच सांगून टाकतो; वाईट असत्या तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं. त्यांना कामाची मनापासून आवड होती. स्वतःच्याही आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साऱ्या इमारतीत कोण काय करतं याची पाहणी केली आणि बऱ्याच जणांना घाम फोडला. शेवटी त्या उतारावर आल्या.

"काका, तुम्ही दिवसभर काय करता?"

"झाडं बघतो."

"बघता म्हणजे? बघून काय करता?"

"नीट असली तर सोडून देतो."

"आणि नीट नसली तर?"

"असतात नीट."

मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. "पाणी किती वेळा देता?"

"देत नाही."

"सतरा वर्षं पाणी दिलं नाही?" मॅडमचा सूर असा, जणू काकांनी म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवलंय.

माळीबुवांनी समजावलं. उतार आहे, खाली खडी आहे, पावसाचं पुरतं, वरून घातलं तर मुळं कुजतात. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, मला पटतंय. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. जे काम दिसत नाही त्याची जागा पुढच्या महिन्यापासून राहणार नाही. तुम्ही काहीतरी दिसेल असं करा."

कचेरीच्या मागे, जनरेटरच्या खोलीला लागून माळीबुवांची एक खोली होती. खोली कंपनीची, नोकरीसोबत मिळालेली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. माळीबुवांची बायको तिथेच मशीन मांडून कचेरीतल्या लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायची, त्यामुळे कोणत्या साहेबाचं पोट कुठपर्यंत आलंय हे इमारतीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी माळीबुवांनी तिला सारा प्रकार सांगितला.

"मग घाला की पाणी," ती म्हणाली.

"मरतील गं."

"मग नका घालू."

"मग आपण मरू. खोली जाईल. तुझं मशीन काय रस्त्यावर मांडणार?"

बायकोच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्या काढून तिनं एका पँटीला टोचल्या. "अहो, इतकी वर्षं या इमारतीच्या मागे राहताय, अजून समजलं नाही? घातल्यासारखं करा."

दुसऱ्या दिवसापासून माळीबुवा कामाला लागले. भांडारातून एक मोठी पत्र्याची झारी मागून घेतली. सव्वानऊला, कचेरीतले लोक आत शिरायच्या वेळी, ते झारी घेऊन उतारावर हजर. उजव्या अंगाला कलून चालायचं, दर चौथ्या झाडाला झारी खाली ठेवून कपाळ पुसायचं, आणि प्रत्येक झाडावर झारी तिरकी करून मनात दहापर्यंत मोजायचं. झारीत पाण्याचा टिपूस नसायचा. पण वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला काय दिसतं? माळी दिसतो, झारी दिसते, माळी वाकलेला दिसतो. एकदा एका लेखनिकानं जवळ येऊन विचारलंच, "काका, जमीन तर कोरडी दिसते. पाणी जातं कुठे?"

"पितात," माळीबुवा म्हणाले. लेखनिकाचं समाधान झालं, कारण त्याला आत जाऊन हजेरी लावायची होती.

आणि गंमत बघा, रिकामी झारी भरल्यासारखी वागवायला भरलेल्या झारीपेक्षा जास्त कष्ट पडतात. संध्याकाळी माळीबुवांचा खांदा खरोखरीच दुखायचा. बायको तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "आज तिसऱ्या झाडापाशी जरा घाई केलीत. मी खिडकीतून बघत होते."

मॅडम खूश झाल्या. पण खूश झालेला साहेब रागावलेल्या साहेबापेक्षा धोक्याचा, कारण त्याला पुढचं काहीतरी सुचतं. त्यांनी माळीबुवांना मोजपट्टी दिली आणि दर सोमवारी पानांची लांबी लिहून आणायला सांगितलं. माळीबुवांनी प्रामाणिकपणे मोजलं. खोटेपणा झारीपुरताच होता. झाडं सतरा वर्षं जशी वाढत होती तशीच वाढत होती, आठवड्याला सुताएवढी. फरक इतकाच की आता कुणीतरी मोजत होतं. आठ महिन्यांत मॅडमच्या भिंतीवर एक आलेख चढला. खाली लिहिलं होतं, ‘नियमित पाण्यानंतरची वाढ’. रेघ डावीकडून उजवीकडे अशी चढत गेली होती की बघणाऱ्याला धाप लागावी. नियमित पाण्याआधीची वाढ किती होती हे कुणी विचारलं नाही, कारण ती कुणी मोजली नव्हती, म्हणजे अर्थातच नव्हती.

कंपनीच्या मासिकात माळीबुवांचा झारीसकट फोटो आला. मोठे साहेब, म्हणजे साऱ्या कंपनीचे धनी, त्यांनी आलेख मागवून घेतला आणि मॅडमचं नाव वरच्या जागेसाठी काढलं अशी बातमी एका कोटाच्या बाहीबरोबर माळीबुवांच्या खोलीत येऊन पोचली. माळीबुवांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फोटो त्यांनी मशीनच्या वर लावला होता.

मग एका सकाळी मॅडम स्वतः उतारावर आल्या. चेहरा आनंदानं फुललेला.

"काका, तुमचं वय झालं. एवढी जड झारी रोज उचलता, मला बघवत नाही. मी मोठ्या साहेबांकडून यंत्र मंजूर करून घेतलंय. जमिनीखालून नळ्या, प्रत्येक झाडाच्या मुळाशी थेट पाणी. रोज सकाळी दहा मिनिटं, आपोआप. खास तुमच्यासाठी."

माळीबुवांच्या हातातली झारी खाली पडली. ती रिकाम्या डब्यासारखी खणखणत उतारावरून घरंगळत गेली, पण मॅडम तोवर नळ्या कुठून जातील ते बघायला वळल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाटक इतकं वठलं की प्रेक्षकांनी ते खरं करून दाखवायचं ठरवलं.

माळीबुवा रात्रभर तळमळले असं लिहायची पद्धत आहे, पण ते दिवसाढवळ्या, जेवणाच्या सुट्टीत तळमळले आणि सुट्टी संपताच सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, यंत्र नको. झाडं कुजतील."

"काका, आठ महिने पाणी देताय ना? कुजली का?"

"दिलं नाही मॅडम. झारी रिकामी होती."

मॅडम हसल्या. अगदी मायेनं हसल्या. "यंत्राचा राग नका धरू. तुमचं श्रेय कुणी काढून घेत नाही." त्यांनी बोटानं आलेख दाखवला. "हे काय हवेवर वाढलं?"

माळीबुवा बाहेर गेले आणि झारी घेऊन परत आले. ती त्यांनी टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवली. मॅडमनी आत वाकून पाहिलं. तळाशी धूळ होती, तोटीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि त्यात अंडी घालून सुखानं संसार मांडला होता. मॅडमनी आत बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसल्या.

"मग ही झाडं वाढली कशी?"

"झाडं आहेत मॅडम. वाढतात."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्या आलेखाकडे बघू लागल्या. त्यांची वरची जागा त्या रेघेच्या टोकाला लटकली होती. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, बायकोला आणि आता तुम्हाला. मॅडम, मला काढायचं तर काढा. फसवलं मी. पण पाणी सोडू नका. सहा झाडं मी या हातांनी उपटून टाकलीत, परत तो वास मला सोसायचा नाही." खोलीचं, मशीनचं, दोन वर्षांचं त्यांना नंतर आठवलं. बायकोला विचारायचं राहूनच गेलं होतं.

मॅडमनी त्यांना काढलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारणाबरोबर आलेखही गेला असता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्र बसेल. मागणी गेली आहे, ती आता परत येत नाही. नळ्या पुरू, डबा भिंतीवर लावू, दिवे लागतील. फक्त मुख्य नळाला जोडणी करायची नाही. कुणी विचारलं तर ते काम दुसऱ्या टप्प्यात आहे."

"दुसरा टप्पा कधी?"

"या इमारतीत दुसरा टप्पा झालेला पाहिलाय तुम्ही कधी?"

माळीबुवांनी आठवून पाहिलं. नव्हता पाहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत ते बाहेर पडले आणि जिन्यावरच त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी समोरून येणाऱ्या शिपायाला उगाच रामराम घातला.

यंत्राच्या उद्घाटनाला मोठे साहेब आले. उतारावर खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर पांढरा डबा, डब्यावर एक हिरवं बटण, आणि बाजूला बाहेरून बोलावलेला नळजोडणी करणारा कारागीर पाना खिशात घालून उभा, काही अडलं तर असावा म्हणून. माळीबुवांना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मागच्या रांगेत बायको. मॅडमनी आलेखावर भाषण केलं. मोठ्या साहेबांनी बटण दाबलं, दिवा लागला, डब्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पाणी सुरू. चाळीस लिटर.’ यंत्राला वेळ मोजता यायची, पाणी नाही. दहा मिनिटं झाली की चाळीस लिटर दिले असं ते इमानानं समजायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब वाकून एका झाडाच्या बुडाशी बघू लागले.

"पाणी दिसत नाही ते?"

"थेट मुळांना जातं सर," मॅडम म्हणाल्या.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. जे दिसत नाही ते मुळांना पोचतं यावर त्यांचा चटकन विश्वास बसला. मग त्यांनी चोवीस झाडांवरून नजर फिरवली, डब्याकडे पाहिलं आणि हसत हसत विचारलं, "मग आता माळ्याला काम काय उरलं?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माळीबुवांकडे पाहिलं, "सर, ते काका..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. जे होतं ते उच्चारलं असतं तर आलेखही गेला असता आणि वरची जागाही.

माळीबुवांकडे मात्र वाक्य होतं. साहेब, हे यंत्र कोरडं आहे, मी नसेन तर या झाडांना वाचवणारं कुणी नाही. बस, इतकंच. वर्षातून दोन-तीनदा वाळकी पानं काढायला कुणी माळी ठेवत नाही. खोली राहिली असती, मशीन राहिलं असतं, दोन वर्षं सुखानं गेली असती. पण ते वाक्य संपायच्या आत त्या कारागिरानं खिशातून पाना काढला असता, आणि मोठ्या साहेबांच्या देखत पहिला टप्पा, दुसरा टप्पा, सगळे टप्पे दहा मिनिटांत उरकले असते. रोज चाळीस लिटर. पावसाळा येईपर्यंत उतार मोकळा.

"काय काका?" मोठे साहेब खरोखर आपुलकीनं म्हणाले. "करायचं काही राहिलंय का अजून?"

माळीबुवांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खूणही केली नाही. ते पुन्हा पुढे वळले. पायवाटेलगतच्या झाडाचं सर्वांत आतलं पान अजून उलगडायचं होतं. ते आणखी आठवड्याभरात सुटं होईल असा त्यांचा अंदाज होता.

"नाही साहेब," ते म्हणाले. "काही राहिलं नाही."

टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या. माळीबुवांना भिंतीवर लावायचं घड्याळ, मानपत्र आणि महिनाअखेरीपासून कायमची सुट्टी मिळाली. मानपत्रात त्यांच्या अथक जलसेवेचा उल्लेख होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हा साधारणपणे एकट्याला मिळतो. माळीबुवांना तो दीडशे माणसांसमोर, खुर्चीत बसवून, आदरानं मिळाला. कानामागून आलेलं यंत्र तिखट झालं, आणि तेही कोरडं.

खोलीवर आल्यावर बायकोनं दार लोटलं. "तोंड शिवलं होतं का तुमचं?"

माळीबुवांनी घड्याळ ट्रंकेवर ठेवलं.

"आठ महिने रिकामी झारी नाचवलीत. माझ्या शब्दावर. आणि ऐन वेळी एक वाक्य बोलता येईना? आता माझ्या बहिणीच्या घरी, तिच्या नवऱ्याचे टोमणे खात राहायचं. दोन खोल्यांत सहा माणसं." तिनं मशीनवरचा फोटो काढून पालथा ठेवला. मग बराच वेळ ती मशीनचं तेल पुसत राहिली. "वाचतील ना पण?"

"वाचतील."

"नक्की?"

"कुणी हात लावला नाही तर."

मग ती उठून त्यांच्याजवळ बसली, आणि सतरा वर्षांत प्रथमच माळीबुवा तिच्यासमोर मोकळेपणी रडले. झाडांसाठी रडले की खोलीसाठी, ते तिनं विचारलं नाही.

महिनाअखेरीला टेम्पो आला. मशीन, दोन ट्रंका, गाद्या आणि घड्याळ चढवून झाल्यावर मॅडम मागच्या दारानं आल्या. त्यांना वरची जागा मिळाली होती. चेहऱ्यावरून ती नुकत्याच उपटलेल्या दाताच्या जागेसारखी वाटत होती. माफी मागायची त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा सोडून दिली. शेवटी त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली.

"काका, उद्यापासून या इमारतीत माझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नसेल. मी वर बसले तरी खिडकीतून उतार दिसतो. मला नीट सांगा, मी काय करायचं?"

"काही करायचं नाही."

मॅडमनी लिहिलं. "किती दिवसांनी?"

"रोज," माळीबुवा म्हणाले.

त्यांनी तेही लिहून घेतलं. टेम्पो सुरू झाला तेव्हा त्या एकट्याच उताराकडे चालत गेल्या आणि झाडांपासून चार हात अलीकडे, हात मागे बांधून उभ्या राहिल्या.